पल्प: उशिरा पिकलेला बँड

[दृश्य: शेफील्ड. चढणीवरची विटांची घरं, बंद पडलेले पोलाद कारखाने.]

1978 साल. उत्तर इंग्लंडमधलं शेफील्ड. सिटी स्कूलमध्ये अर्थशास्त्राच्या तासाला एका मुलाला बाजारभावांच्या यादीत कॉफीच्या एका जातीचं नाव दिसलं आणि त्याने आपल्या बँडचं बारसं उरकलं: अरेबिकस पल्प. यातला पहिला शब्द लवकरच गळला. मुलाचं नाव जार्विस कॉकर. काटकुळा, चष्मिस, लाजाळू. मंडईतल्या मासळीच्या गाळ्यावर तो खेकडे घासायचा. हाताचा वास काही केल्या जायचा नाही आणि डोक्यात मात्र पॉपस्टार व्हायचं!

1981 मध्ये त्याने बीबीसी रेडिओवर नवे बँड ऐकवणाऱ्या जॉन पीलच्या हातात आपली कॅसेट दिली. पीलने बँडला चक्क स्टुडिओत बोलावलं. गंगेत घोडं न्हालं, असंच पोरांना वाटलं असणार. प्रत्यक्षात ते घोडं पुढची दहा-बारा वर्षं काठावरच उभं राहिलं.

सोबतची मुलं कॉलेजला निघून गेली. 1983 चा पहिला अल्बम फारसा कुणी घेतलाच नाही. 1985 मध्ये एका मुलीवर छाप पाडायला जार्विस खिडकीबाहेर लटकला, हात सुटला आणि तो थेट खाली. कंबरेचं हाड मोडलं. पुढचे काही कार्यक्रम त्याने चाकांच्या खुर्चीत बसून केले. 1989 मध्ये रेकॉर्ड केलेला अल्बम बाजारात यायला 1992 उजाडलं.

तरी माणसं जमत गेली. व्हायोलिन आणि गिटार वाजवणारा रसेल सिनियर. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी कीबोर्ड वाजवणारी कँडिडा डॉयल. ड्रमर निक बँक्स, 1966 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडचा गोलकीपर गॉर्डन बँक्स याचा पुतण्या. मग बास गिटारवर स्टीव्ह मॅकी.

विशीतच नाव झालं असतं, तर पल्पची गाणी इतकी चांगली झाली नसती, असं मला वाटतं. पडद्यामागून दिसणारे शेजारी, भाड्याच्या खोल्यांमधली ओल, फसलेली प्रेमप्रकरणं, हा सगळा ऐवज त्या बेकार वर्षांतच गोळा झाला.

[दृश्य: एका छोट्या कॅसिओ कीबोर्डच्या पट्ट्या, जवळून.]

लंडनच्या सेंट मार्टिन्स कॉलेजात जार्विस सिनेमा शिकायला गेला. तिथे एक ग्रीक मुलगी त्याला म्हणाली होती, मला सामान्य माणसांसारखं जगून बघायचंय. काही वर्षांनी सेकंडहँड कॅसिओवर एक साधी सुरावट सुचली, त्यात ते वाक्य जाऊन बसलं आणि 'कॉमन पीपल' तयार झालं. हौसेने गरीब होणाऱ्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. खऱ्या गरिबाकडे ते नसतं, एवढंच गाण्याचं म्हणणं. पण ऐकताना बघा, संथ, जवळजवळ गप्पा मारल्यासारखी सुरुवात, मग वेग वाढत जातो, आणि शेवटी गायक अक्षरशः संतापून धापा टाकतो.

मे 1995 मध्ये गाणं आलं आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. जूनमध्ये स्टोन रोझेस या बँडचा गिटारवादक हाड मोडून बसला, म्हणून ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात त्यांच्या जागी ऐन वेळी पल्पला बोलावणं आलं. जेमतेम महिन्याभरापूर्वीचं गाणं, पण अख्खं मैदान शब्दन् शब्द गात होतं. त्याच वर्षी 'डिफरंट क्लास' अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. 1996 मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिट या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकेल जॅक्सन मुलांच्या घोळक्यात मसिहाच्या थाटात गात असताना जार्विस रंगमंचावर घुसला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून पार्श्वभाग हलवून आला. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा काही दाखल झाला नाही. मासळीवाला पोरगा आता वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता.

प्रसिद्धी मानवली नाही. सिनियरने 1997 मध्ये बँड सोडला. 1998 चा 'धिस इज हार्डकोर' काळवंडलेला, थकलेला अल्बम आहे. मला तो 'डिफरंट क्लास'इतकाच महत्त्वाचा वाटतो. 2001 मध्ये आणखी एक अल्बम आला, मग सगळे आपापल्या वाटेने गेले.

2011 मध्ये ते पुन्हा एकत्र आले, आणि नंतर 2023 मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये स्टीव्ह मॅकी गेला. 'मोअर' हा जून 2025 मध्ये आलेला अल्बम त्यालाच अर्पण केलेला आहे. चोवीस वर्षांनंतरचा हा नवा अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचं रेकॉर्डिंग तीन आठवड्यांत उरकलं होतं. पल्पच्या हिशेबाने ही घाईच म्हणायची.