कागदावर तीन, बोटीवर तीन

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय कळल्यावर दांडिया बाजारातल्या माझ्या मित्रमंडळींनी आधीच थट्टा केली. म्हणे, बडोद्यात बसून समुद्राच्या गप्पा! विश्वामित्रीला पूर आला की घरात शिरतं तेवढंच आपलं पाणी. अहो, पण ओखा बंदर कोणी बांधलं? आपल्या गायकवाड सरकारने. १९२६ साली ते सुरू झालं. हल्लीच्या मुलांना मुंद्रा माहीत, कांडला माहीत, ओखा म्हटलं की चेहरा कोरा. बरं, ते दुःख आज नको.

विषय आहे खासगी यॉटमधून होणारी माणसांची चोरटी ने-आण, आणि किनाऱ्यावरचा पहारा तिच्यापुढे तोकडा का पडतो, हा. माझी सगळी नोकरी कस्टममध्ये गेली. तेव्हा आधी माझ्या नोकरीतली एक सकाळ सांगतो, बाकीचं मग.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं एक छोटं बंदर, नाव घेत नाही. जानेवारीची थंडी. सकाळी आठच्या सुमाराला बंदराच्या तोंडाशी एक पांढरी शिडाची बोट येऊन उभी राहिली. चाळीसेक फूट लांब. वर पिवळा झेंडा. पिवळा झेंडा म्हणजे आम्ही परदेशातून आलोय, तपासणी करून घ्या. म्हणजे बघा, ती चोरून आली नव्हती, दार वाजवून आली होती. हे ध्यानात ठेवा. दार वाजवून आली होती.

आम्ही लाँचमधून गेलो. मी, पासपोर्ट बघणारे पोलीस जमादार आणि आमचे शिपाई. शिपाई खारवा समाजातले, म्हणजे पिढीजात दर्यावर्दी, वयाने माझ्या वडिलांएवढे. सगळं बंदर त्यांना बापा म्हणायचं. हुद्द्याने साहेब मी, पण हलत्या बोटीवर पाय कसा टाकायचा हे मला त्यांनीच शिकवलेलं.

बोटीवर तिघं. गोरा नवरा, गोरी बायको आणि पंचविशीचा एक पोरगा, तोही गोरा. क्रू लिस्टवर नावं तीन, पासपोर्ट तीन. आखातातून नऊ दिवसांपूर्वी निघालो, इंजिनाने दगा दिला, दुरुस्त करून पुढे कोचीनला जाऊ, असं म्हणाले. बाईंनी कॉफी केली. कॉफी छान होती. मग मी रमेजिंगला लागलो. बोटीच्या झडतीला आमच्याकडे रमेजिंग म्हणतात. व्हिस्कीच्या बाटल्या मोजल्या, त्या कपाटाला सील ठोकलं, सिगारेटी मोजल्या, कॅमेरा लिहून घेतला, गाद्या उलटवल्या. त्या काळी आम्ही सगळे सोनं शोधायचो. सोन्याची बिस्किटं आणि मनगटी घड्याळं. बाकी काही आमच्या डोळ्यांना दिसायचंच नाही.

तासाभरात सगळं उरकलं. सही करायला मी पेन काढलं, तेवढ्यात बोटीच्या पुढच्या भागातून बापा आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, आ धोळिया क्यारथी डबलुं राखता थया?"

श्रोतेहो, बडोद्यात राहून तुम्हाला गुजराती येतंच. धोळिया म्हणजे गोरे, आणि डबलुं म्हणजे आपलं टमरेल. ही गोरी मंडळी टमरेल कधीपासून ठेवायला लागली?

मी जाऊन पाहिलं. उभं राहिलं तर कोपर भिंतीला लागेल एवढासा संडास. भिंतीवर कागदाचं भेंडोळं, नीट अडकवलेलं. आणि खाली कोपऱ्यात, तेलाचा प्लॅस्टिकचा डबा वरून कापून केलेलं टमरेल. कड सुरीने कापलेली, वेडीवाकडी. आत अर्धं पाणी. आता ज्यांच्या घरी परदेशातला पाहुणा राहून गेलाय, त्यांना मी जास्त काय सांगू?

एकदा ते दिसल्यावर बाकीचं आपोआप दिसायला लागलं. कट्ट्याखाली तांदळाची गोणी, तळाला गेलेली. तीन गोरी माणसं नऊ दिवसांत एवढा भात खातात? लाल तिखटाची पुडी, तीही संपत आलेली. पुढच्या कोठडीत शिडं ठेवतात, तिथे शिडं नव्हती, घडी घातलेली चार कांबळी होती. बापांनी एक कांबळं उचलून माझ्या नाकाशी धरलं. खोबरेल तेलाचा वास.

कागदावर तीन, बोटीवर तीन, आणि टमरेल एक.

मी त्या गृहस्थांना विचारलं. म्हणाले, डेक धुवायला लागतं. म्हटलं, मग संडासात कशाला? ते हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कॉफीचे कप विसळायला लागल्या.

किनाऱ्यावर येऊन मी वरिष्ठांना ट्रंक कॉल लावला. "माणसं सापडली?" "नाही साहेब." "मग काय सापडलं?" मी म्हटलं, "टमरेल." पलीकडे इतका वेळ काही ऐकू येईना की मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, "पंचनाम्यात घ्याल, पण लावाल कुठल्या कलमाखाली?" मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. पासपोर्ट खरे, कागद खरे, माल सीलबंद. बोट चौथ्या दिवशी निघून गेली. संध्याकाळी बापा एवढंच म्हणाले, की ती आली त्याच्या आदल्या रात्री बाहेर खोल पाण्यात तिला एक होडी भेटली होती. होडी कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच गावात राहायचं होतं दोघांना.

कोण असतील ती माणसं? माझा आपला अंदाज असा, की आखातात मजुरीला गेलेले आपलेच लोक असावेत. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, म्हणून स्वतःच्या देशात चोरवाटेने आलेले. तेव्हा ते निसटले म्हणून मी जळफळलो. आता वाटतं, पोचले असतील घरी तर बरं झालं. कस्टमच्या माणसाने असं बोलू नये, पण आता पेन्शनवर आहे, चालतं.

तर हे झालं टमरेल. त्यात बराच वेळ गेला, बाकीचं भरभर सांगतो.

आपला किनारा शाळेत ७,५१६ किलोमीटर शिकवायचे. तो पुन्हा बारीक मापाने मोजला, तेव्हा भरला ११,०९८ किलोमीटर. गुजरातचा १,२१४ चा २,३४० झाला. समुद्र वाढला नाही, खाड्या आणि बेटांचे कोपरे हिशेबात आले. आणि चोरटी बोट त्या कोपऱ्यांतच शिरते. पहारा तीन थरांचा. किनाऱ्याजवळ सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, आणि त्याहून खोल समुद्रात नौदल. जहाज कुठे आहे हे सांगणारं एआयएस नावाचं यंत्र असतं, पण आंतरराष्ट्रीय नियमाने ते सक्तीचं आहे ते ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना. खासगी यॉटवर बहुधा मालकाची मर्जी. यंत्र बंद केलं की ती रडारवर एक ठिपका, आणि तसे ठिपके आपल्या समुद्रात हजारो, कारण मासेमारी चालू असते. शिवाय खुल्या समुद्रात परक्या झेंड्याच्या बोटीवर असं उठून चढता येत नाही. माणसांच्या चोरट्या वाहतुकीचा संशय असला तरी ज्या देशाचा झेंडा, त्याची परवानगी लागते. संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा करार तेच सांगतो.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही यॉटची. २०१८ च्या फेब्रुवारीत दुबईच्या राज्यकर्त्यांची मुलगी शेखा लतीफा 'नोस्ट्रोमो' नावाच्या यॉटमधून पळाली. मार्चच्या सुरुवातीला गोव्याजवळच्या समुद्रात आपले जवान त्या बोटीवर चढले आणि तिला परत नेण्यात आलं. लंडनच्या हायकोर्टाने २०२० साली जाहीर झालेल्या निकालात ही हकिकत ग्राह्य धरली. एवढ्या अफाट पाण्यात ती एक बोट बरोबर सापडली.

आता दुसरी. २०२२ चा ऑगस्ट, दहीहंडीच्या आदल्या दिवशी कोकणात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस यॉट लागली. 'लेडी हान', १६ मीटर लांब, आणि आत तीन एके-४७. मुंबईला घाम फुटला. मग उलगडा झाला, की मस्कतहून युरोपला निघाली होती, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं आणि रिकामी बोट वाहत राहिली. पन्नासहून जास्त दिवस! सगळा अरबी समुद्र ओलांडून ती आली आणि थेट वाळूवर चढली, तोवर कोणाला पत्ता नाही. पुन्हा सांगतो. जी शोधत होते ती भर समुद्रात सापडली. जी कोणी शोधत नव्हतं, ती किनाऱ्याला लागेपर्यंत दिसली नाही.

भूमध्य समुद्रात तर हा धंदाच आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून शिडाची सहलीची बोट निघते, वर दोन-तीन माणसं ऊन खात बसल्यासारखी, आणि खाली डेकच्या पोटात बायकापोरांसह पन्नास-साठ जीव. २०२४ च्या जूनमध्ये अशीच एक बोट इटलीच्या कालाब्रियापासून शंभरावर मैलांवर अर्धी बुडालेली सापडली. साठांहून जास्त माणसं बेपत्ता.

आणि इथे माझं एक खाजगी मत. २६/११ नंतर आपण कोळ्या-खारव्यांना ओळखपत्रं दिली, त्यांच्या होड्यांना राज्याप्रमाणे रंग ठरवून दिले. असू दे, हवंच होतं. पण लुंगीवाल्याची होडी तीनदा थांबवायची आणि पांढऱ्या यॉटला सलाम ठोकायचा, ही खोड माझ्यातही होती. मी आधी कॉफी प्यायलो होतो, विसरू नका.

किनाऱ्याचा पहारा इंग्रजांनाही जमला नव्हता बरं का. काठेवाडची, म्हणजे आजच्या सौराष्ट्राची, बंदरं संस्थानिकांची, तिथे त्यांचा हुकूम चालेना. म्हणून त्यांनी जकातीचं नाकं मांडलं कुठे? विरमगामला, भर जमिनीवर! गांधीजींनी पाठपुरावा केल्यावर १९१७ साली ते उठलं, १९२७ साली पुन्हा बसवलं.

आपल्या खंभातच्या आखातात मात्र यॉटवाला सहसा फिरकायचा नाही. भरती-ओहोटीचा फरक एवढा की गाफील राहिला तर बोट चिखलात बसते, आणि पुढच्या भरतीपर्यंत सगळ्या गावाला दिसते. बघायचं असेल तर कावी-कंबोईला जा, स्तंभेश्वर महादेवाला. देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या भरवशावर निघू नका, आधी विचारून घ्या. आणि चपला गाडीतच ठेवा. त्या चिखलात गेलेली चप्पल परत येत नाही, माझी एक अजून तिथेच आहे.

नमस्कार.