काळे, काले आणि एक घंगाळ

नमस्कार मंडळी! रविवार सकाळ आहे, इंदूरात बहुतेकांच्या हातात पोह्याची प्लेट असणार, तर खाता खाता ऐका. आज हरवलेल्या नातेवाइकांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात एका अक्षरापासून.

आमच्या रामबागेतल्या मावशी. माहेरच्या काळे. त्यांचे सख्खे काका गायकवाडी असताना नोकरीसाठी बडोद्याला गेले, काही वर्षं पत्रं येत होती, मग काका वारले, घर बदललं आणि सगळं थांबलं. चार वर्षांपूर्वी भाच्याने मोबाईलवर शोधायला घेतलं, तर काळे कुठे सापडेचनात. आता हिंदीत ळ नाही ना हो, मग शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे काळ्यांचे काले होतात, खुद्द होळकर इथे पाट्यांवर होलकर झालेत तिथे आपली काय कथा! गुजरातीत ळ आहे म्हणा, पण इंग्रजीतून परत उतरवलं की तोही जातो. म्हणून पहिली गोष्ट, आडनाव जितक्या प्रकारे चुकीचं लिहिता येईल तितक्या प्रकारे शोधा.

आणि आडनावावर फार भिस्त ठेवू नका. गीता आठवतेय ना? लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली, ऐकू-बोलू न येणारी मुलगी, कराचीत ईधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने सांभाळली, २६ ऑक्टोबर २०१५ ला भारतात आली आणि मग आपल्या इंदूरातच राहिली. आपली मुलगी म्हणून किती जण पुढे आले, पण डीएनए जुळेना. तिला ना गावाचं नाव सांगता येत होतं ना स्वतःचं. तिच्याकडे होतं काय, तर खुणांच्या भाषेत सांगितलेली चित्रं. स्टेशन, जवळ नदी, देऊळ, बाळंतपणाचा दवाखाना, उसाची शेतं. इथल्या शोधणाऱ्यांनी तेवढ्यावर विचार केला, कुठल्या भागात असं सगळं एकत्र असेल, तिकडून कुठली गाडी थेट अमृतसरला, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेकडे जाते, असं करत करत मराठवाड्यात पोचले. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातली एक बाई पुढे आली, ती म्हणाली माझ्या मुलीच्या पोटावर भाजल्याची खूण आहे. होती. म्हणजे मराठी मुलगी इतकी वर्षं मराठी लोकांच्या गावात राहत होती आणि कुणाला पत्ता नाही, विचार करा.

तर घरातल्या म्हाताऱ्यांना नाव-गाव-साल विचारून सोडू नका, असलं फालतू वाटणारं विचारा. विहीर कुठल्या बाजूला होती, कुलदैवत कोण, कुणाचं बोट तुटलं होतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, लाजू नका.

मूळ गाव माहीत असेल तर त्र्यंबकेश्वर-नाशिकला आपल्या घराण्याचे उपाध्ये शोधा. त्यांच्या वह्या आडनाव आणि गावावरून लावलेल्या असतात, कोण कधी आलं, सोबत कोण होतं, मुलं किती, सगळं असतं, नशीब असेल तर पणजोबांचं अक्षर बघायला मिळतं. आणि तिथे मोडीतला ळ कुणी खाल्लेला नसतो!

मूल हरवलं असेल तर मात्र हे सगळं बाजूला. चोवीस तास थांबा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, असा कुठलाही नियम नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूल हरवल्याच्या तक्रारीवर एफआयआर घ्यायलाच सांगितलंय. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर फुकट लागतो. आणि "सापडलाय, आधी पैसे टाका" असा फोन आला तर एक रुपया पाठवू नका, सरळ पोलिसांना कळवा.

मावशींचं काय झालं विचाराल. बडोद्याला कालेंच्या घरी फोन लागला. भाच्याने मोठ्या शिताफीने विचारलं, आजोबांबद्दल काही आठवतं का? पलीकडचे म्हातारे गृहस्थ, म्हणजे त्या काकांचे चिरंजीव, म्हणाले, "अडकित्त्यात करंगळी गेली होती त्यांची, तेच ना?" मावशींनी फोन हिसकावला. पुढचा अर्धा तास दोघं भावंडं कशावर बोलली असतील? तांब्याचं मोठं घंगाळ बडोद्याला कुणी नेलं यावर कडाक्याचं भांडण. घंगाळ अजून तिकडेच आहे, मावशी दिवाळीनंतर आणायला जाणार आहेत.