बेरेनिकेची बट

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका नावाबद्दल बोलायचं आहे. नाव मुलीचं आहे, ग्रीक आहे आणि तुमच्या-माझ्या ओळखीत ते बहुधा कुणाचंच नसेल. नाव आहे बेरेनिके. सावकाश म्हणते, बे-रे-नि-के.

अर्थ सोपा आहे. मूळ ग्रीक रूप फेरेनिके. फेरो म्हणजे आणणे, वाहून नेणे. निके म्हणजे विजय. फेरेनिके म्हणजे विजय घेऊन येणारी. उत्तरेकडच्या मॅसिडोनियात, म्हणजे अलेक्झांडरच्या मुलखात, हा फ लोकांच्या तोंडी ब व्हायचा, म्हणून फेरेनिकेची झाली बेरेनिके. आपल्या 'भार' आणि 'भरण' या शब्दांत जो भृ धातू आहे, तो आणि हा फेरो एकाच कुळातले. तेव्हा नाव परकं असलं तरी लांबच्या नात्यातलं आहे. विजय घेऊन येणारी, एवढं लक्षात ठेवा.

अलेक्झांडरनंतर त्याचा सेनापती टॉलेमी इजिप्तचा राजा झाला आणि त्याच्या घराण्यात हे नाव पिढ्यान् पिढ्या चाललं. आईचं बेरेनिके, मुलीचं बेरेनिके, नातीचंही बेरेनिके. इतिहासकार त्यांना आकडे लावतात. मला आज सांगायची आहे ती दुसरी बेरेनिके.

तिचं माहेर कुरेने. आजच्या लिबियातलं हे गाव. बायबल वाचणाऱ्या श्रोत्यांना कुरेनेकर शिमोन आठवेल, तेच कुरेने. तिथला राजा मॅगस हा तिचा बाप. हा मॅगस आपल्याला अगदीच अनोळखी नाही बरं का. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडच्या यवन राजांची नावं आहेत. त्यांत 'मग' म्हणून जो आहे तो हा मॅगस, आणि 'तुरमय' म्हणून जो आहे तो दुसरा टॉलेमी, म्हणजे बेरेनिकेचा सासरा. गिरनारच्या खडकावर तिचा बाप आणि सासरा दोघेही कोरलेले आहेत! गिरनारला जाणारी आपली माणसं पुष्कळ. पायथ्याशी तो खडक आहे, तिथे दहा मिनिटं थांबावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. देवदर्शनाच्या घाईत आपण अशा गोष्टी ओलांडून जातो आणि घरी येऊन तिथल्या जेवणाबद्दल बोलतो.

असो. गोष्ट सांगते.

मॅगसने मुलीचं लग्न इजिप्तच्या युवराजाशी ठरवलं होतं. मॅगस वारला आणि आईने ते ठरलेलं मोडलं. मॅसिडोनियाहून डेमेट्रियस नावाचा एक देखणा राजपुत्र बोलावून घेतला, मुलीसाठी. पण तो मुलीला सोडून आईच्याच महालात रमला. कोवळ्या वयाच्या बेरेनिकेने कट केला, तो मारला गेला, आणि ती बापाने ठरवलेल्या ठिकाणीच सून म्हणून गेली. पुढचं ऐकताना हे डोक्यात असू द्या. ही रडूबाई नव्हती.

साल ख्रिस्तपूर्व २४६. नवरा, तिसरा टॉलेमी, नुकताच गादीवर बसलेला. अंगावरची हळद उतरली नाही तोच सीरियातून निरोप आला. टॉलेमीची सख्खी बहीण तिकडे राजघराण्यात दिलेली. तिचंही नाव बेरेनिके, पण गोंधळू नका, ही नणंद. तिचा नवरा मेला होता आणि थोरल्या सवतीच्या पक्षाचे लोक हिच्या आणि हिच्या लहानग्या मुलाच्या जिवावर उठले होते. भाऊ फौज घेऊन निघाला.

अलेक्झांड्रियाच्या महालात राहिली ती नवी नवरी. तिने काय केलं? जे आपल्याकडे कुठल्याही घरातली बाई करेल तेच केलं. नवस बोलली. माझा माणूस सुखरूप परत येऊ दे, माझ्या केसांची बट तुला वाहीन. पुन्हा सांगते, दागिना नाही, नैवेद्य नाही, स्वतःचे केस. राणीचे केस, ज्यांची शहरात ख्याती होती.

टॉलेमी पोचला तेव्हा बहीण आणि भाचा, दोघांचा खून झालेला होता. मग तो सूडाने पेटला. सीरिया ओलांडून पार मेसोपोटेमियापर्यंत गेला. महिन्यामागून महिने गेले. आणि मग तो परत आला. जिंकून आला, लूट घेऊन आला. नाव काय बायकोचं? विजय घेऊन येणारी.

बेरेनिकेने शब्द पाळला. केस कापले. अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात शिरलेलं एक भूशिर होतं, झेफिरियॉन. तिथे दिवंगत राणी आर्सिनोईला प्रेमाची देवी मानून बांधलेलं देऊळ होतं. त्या देवळात राणीने आपली बट वाहिली.

आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो बट जागेवर नाही!

देवळात शोधलं, बाहेर शोधलं. नाही म्हणजे नाही. राजा संतापला. राणीचा नवस, देवीला वाहिलेली वस्तू, आणि ती चोरीला? आता पुजाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, विचार करा. अशा वेळी पुढे आला दरबारातला ज्योतिर्विद, सॅमॉसचा कोनॉन. तो म्हणाला, महाराज, बट चोरीला गेलेली नाही, देवांनी ती वर नेली आहे. आणि रात्री त्याने राजाला आकाश दाखवलं. सिंहाच्या शेपटीपलीकडे अंधुक ताऱ्यांचा एक पुंजका, विस्कटलेला, मोकळ्या केसांसारखा. ती पाहा, राणीची बट.

बरेच जण या कोनॉनला दरबारी खुशमस्कऱ्या म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. कोनॉन खरा विद्वान होता. आर्किमिडीज त्याचा मित्र, आणि तो गेल्यावर आर्किमिडीजने आपल्या ग्रंथांत त्याच्यासाठी हळहळ लिहून ठेवली आहे. आर्किमिडीज कुणा भाटासाठी हळहळला नसता. कोनॉनने काय केलं ते बघा. ज्या ताऱ्यांना धड ठिकाण नव्हतं त्यांना नाव दिलं, राजाचा राग शांत केला आणि कदाचित काही पुजाऱ्यांच्या माना वाचवल्या. दरबारात राहून एवढं साधणं मला फार मोठं वाटतं.

दरबारात कवीही होता, कॅलिमाकस, राणीच्याच माहेरचा, कुरेनेचा. त्याने या प्रसंगावर कविता रचली, आणि ती कोण सांगतं? बट स्वतः सांगते! आकाशात बसून ती राणीला सांगते की तुझ्या डोक्यावरून मी काही खुशीने उतरले नाही, पण लोखंडाच्या कात्रीपुढे डोंगर टिकत नाहीत तिथे केसांचं काय चालणार. देवांमध्ये जागा मिळाली तरी तिचा जीव त्या डोक्यावरच्या तेलात अडकलेला आहे. मूळ ग्रीक कविता शतकानुशतकं हरवलेली होती, रोमन कवी कॅटलसने केलेल्या लॅटिन भाषांतरामुळे लोकांना ती कळली. मग इजिप्तच्या वाळूत पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे सापडले आणि १९२९ मध्ये मूळ ग्रीक ओळी पुन्हा छापल्या गेल्या.

तर ही ती बट. पुढे टायको ब्राहेच्या १६०२ च्या तारासूचीत तिला स्वतंत्र तारकासमूहाचा मान मिळाला आणि आजच्या ८८ तारकासमूहांत ती आहे. लॅटिनमध्ये कोमा बेरेनिसीस, मराठीत अरुंधती केश. आपल्याकडे राणीच्या जागी अरुंधती आली, केस तेच राहिले.

तुम्हाला बघायचे आहेत? मे महिन्यात, चांदणं नसलेल्या रात्री, नऊ-साडेनऊला गच्चीवर जा. सिंहाच्या शेपटीची उत्तरा फाल्गुनी शोधा. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाचा मरीची शोधा. दोघांना जोडणारी रेघ मनात ओढा आणि उत्तरा फाल्गुनीपासून साधारण तिसऱ्या हिश्शावर थांबा. उत्तरा फाल्गुनी, मरीची, तिसरा हिस्सा. तिथे जी भुरभुर दिसेल ती बेरेनिकेची बट. आपल्यापासून सुमारे २८० प्रकाशवर्षं दूर आहे ती. शहरात मात्र दिसायची नाही, दिव्यांच्या झगझगाटाने आपण आकाश पुसून टाकलं आहे. माझं एक जुनं म्हणणं इथे सांगते. वर्तमानपत्रं रोज बारा राशींचं भविष्य छापतात. त्याच पानावर दोन बोटं जागा आज रात्रीच्या आकाशाला द्या. सिंह राशीच्या माणसाने सिंह एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेला असावा.

आणखी एक. या राणीला जग केसांमुळे ओळखतं, पण नेमियाच्या क्रीडास्पर्धेत तिच्या रथाने शर्यत जिंकली होती, त्यावरही कॅलिमाकसची कविता आहे. तिची मुलगी, धाकटी बेरेनिके, लहानपणीच गेली. ख्रिस्तपूर्व २३८ मध्ये कॅनोपस इथे जमलेल्या पुजाऱ्यांनी त्या मुलीला देवी मानायचं ठरवलं आणि त्याच ठरावात दर चार वर्षांनी वर्षात एक दिवस वाढवायचंही ठरवलं. राणी स्वतः मुलाच्या कारकिर्दीत, ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये मारली गेली. पण बापाने दिलेलं नाव तिने सार्थ केलं, असंच मी म्हणेन.

आता नावाच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. आजचं लिबियातलं बेनगाझी हे या राणीच्या नावाने पूर्वी बेरेनिके होतं. तांबड्या समुद्रावर आणखी एक बेरेनिके बंदर, पहिल्या बेरेनिकेच्या, म्हणजे तिच्या आजेसासूच्या नावाचं. आपला माल तिथे उतरायचा. उत्खननात तिथे मोठ्या भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी सापडली, आपलं सागवान सापडलं, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या वस्तूंत बुद्धाची मूर्ती, संस्कृत लेख आणि सातवाहनांची दोन नाणी आहेत. पैठणच्या सातवाहनांची!

लोकप्रियतेचं म्हणाल तर बेरेनिके या रूपात नाव आज विरळच. फ्रान्समध्ये बेरेनीस चालतं, १६७० मध्ये रासीनने त्या नावाचं नाटक लिहिलं, त्यातली नायिका मात्र ज्यू राजकन्या. तीच मराठी बायबलातली बर्णीका. अमेरिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्नीस हे रूप पुष्कळ चाललं, नंतर मागे पडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांची १९६३ मध्ये जन्मलेली धाकटी मुलगी बर्नीस. न्यूयॉर्कची छायाचित्रं काढून गाजलेली अ‍ॅबट बाईसुद्धा जन्मतः बर्नीस, पॅरिसला गेल्यावर तिने एक अक्षर वाढवून बेरेनीस केलं. मला तिचं ते करणं फार आवडतं.

एक रूप मात्र आपल्या गावागावांत आहे आणि ते म्हणजे वेरोनिका. वसईत, गोव्यात वेरोनिका नावाच्या कितीतरी बायका तुम्हाला भेटतील. जुन्या ग्रीक ख्रिस्ती कथेत येशूच्या झग्याला हात लावून बरी झालेल्या बाईचं नाव बेरेनिके आहे, लॅटिनमध्ये तिची वेरोनिका झाली, आणि पुढे येशूचा चेहरा पुसणारी म्हणून ती क्रुसाच्या वाटेवर, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या प्रसंगांच्या मालिकेत, सहाव्या स्थानी उभी राहिली. तिच्या आधीच्या, पाचव्या स्थानी कोण? येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन, आपल्या राणीच्या माहेरचा माणूस.

तेव्हा कुणा श्रोत्याला हे नाव आपल्या मुलीला ठेवावंसं वाटलं, तर सुटसुटीत म्हणून वेरोनिका ठेवा किंवा सरळ बेरेनिके ठेवा. लिहिताना 'नि' ऱ्हस्व चालेल, म्हणताना मात्र 'नी' लांबवा. नमस्कार.