थीम पार्कला जायचंय? आधी पोरांची उंची मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या अमळनेर भागात कडुनिंबाच्या फांदीला झोका बांधतात. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात. गाणी म्हणत एकेक जण झोका असा चढवते की पाय पार वरच्या पानांना लागतात. मग आठच दिवसांत, वैशाखातल्या एकादशीच्या सुमाराला, बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते आणि तिथे आकाशपाळणे उभे राहतात. उंच जायचं, पोटात गोळा आला की किंचाळायचं, खाली उतरलं की पुन्हा बसायचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

नवीन आहे ते थीम पार्क. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं सुट्टी लागली की हट्ट धरू लागली. मुंबई-पुण्याच्या माणसाला ते सकाळी निघून रात्री घरी परतण्यासारखं आहे. आपल्याला नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार कुठूनही निघा, एक रात्र प्रवासात जाते. आठ माणसांचं घर निघालं तर कापसाच्या एका वेचणीचे पैसे हातावेगळे होतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या घरांसाठी आज थोडं सविस्तर बोलणार आहे. आम्ही एकदा जाऊन आलो आहोत आणि त्या एका दिवसात बरंच शिकलो आहोत.

जत्रेत काय असतं बघा. आजी प्रत्येक नातवंडाच्या हातावर पैसे ठेवायची. त्यात एक पाळणा, एक पिपाणी आणि थोडी गोडीशेव. पैसे संपले की जत्रा संपली, कुणाची तक्रार नाही. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथेही पुढे कितीतरी वर्षं राइडच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या फाडाव्या लागत. ही चिठ्ठ्यांची पुस्तकं १९८२ साली बंद झाली आणि दारात एकदाच तिकीट काढायचं, आत काहीही बघायचं, अशी पद्धत आली. आज आपल्याकडची मोठी उद्यानंही बहुतेक याच पद्धतीने चालतात.

ही पद्धत सोयीची आहे, पण तिने माणसाच्या डोक्यात एक गणित शिरतं. एवढे पैसे भरले, मग सगळ्या राइड झाल्याच पाहिजेत. पैसे वसूल झाले पाहिजेत. मला मनापासून वाटतं, पहिल्या सहलीचा दिवस उन्हाने बिघडत नाही, गर्दीनेही बिघडत नाही, तो या वसुलीने बिघडतो.

आमचंच सांगते. सासूबाई, आम्ही दोघं, आमची मुलगी, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, असे आठ जण निघालो. कुठल्या उद्यानात गेलो ते राहू द्या, चूक आमचीच होती. रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण, तिथून पुढचा प्रवास आणि अंघोळ-नाश्ता कसाबसा उरकून थेट उद्यानाच्या दारात. धाकटा पुतण्या सात वर्षांचा. महिनाभर त्याने शाळेत सांगून ठेवलं होतं की मी मोठ्या गाडीत बसणार. तासभर रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली. तिथल्या मुलाने भिंतीवरच्या पट्टीजवळ त्याला उभं केलं. पट्टीची रेघ १२० सेंटिमीटरवर, आणि आमचा गडी ११७. त्याने टाचा उचलल्या. तिथल्या मुलाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा टेकवल्या आणि म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी ये, बाळा.’’ दोन बोटं कमी पडली. रडला नाही तो. नुसता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मोठ्या आई, घरी का नाही मोजलं?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून श्रोतेहो, तिकीट काढण्याच्या आधी पोरांची उंची मोजा. दाराच्या चौकटीला टाचा टेकवून, चप्पल न घालता, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करा. मग त्या उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडला किती उंची लागते ते बघा किंवा फोन करून विचारा. पुष्कळ ठिकाणी लहान मुलाचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं, त्यामुळे हा आकडा दोनदा कामाला येतो. पोराला आधीच सांगा: या तीनमध्ये तू बसशील, त्या दोनमध्ये दादा बसेल. घरी ऐकलेला नकार पोरं पचवतात. तासभर रांगेत उभं राहून मिळालेला पचत नाही.

आणि ही अट उगाच अडवायला नसते. रोलर कोस्टरची गाडी साखळीने ओढत पहिल्या चढावर नेतात. बहुतेक गाड्यांना त्यानंतर इंजिन नसतंच. उतारावर पायडल न मारता सायकल सुटते तशी ती आपल्या वजनाने सुटते, खाली मिळालेल्या वेगावर पुढचा चढ चढते. त्या वेगात माणसाला जागेवर धरून ठेवतो तो मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरची चौकट, आणि ती ठरावीक अंगलटीच्या शरीरासाठी बनवलेली असते. शरीर लहान असलं की ती नीट बसत नाही. पुतण्याला हे त्या दिवशी संध्याकाळी समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा राग निवळला.

दुसरी गोष्ट पोटाची. चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाटात ज्याला उलटी होते, असं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याची आठवण तिकीट काढतानाच ठेवा. पडद्यापुढे खुर्ची हलते अशा राइडमध्ये डोळे सांगतात आपण उडतोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण एका जागी बसलोय. या भांडणातच मळमळ होते. अशा माणसाला या राइड जेवणाआधी करू द्या, किंवा करूच देऊ नका. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणारा, मानेला-पाठीला दुखणं असणारा, यांच्यासाठी राइडच्या दारात पाटी असते. ती वाचा. ‘काही होत नाही, बस’ असा आग्रह कृपा करून कुणी धरू नये.

आता वेळेचं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याच्यासाठी वेगळी जागा मिळत नाही. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. इमॅजिकाला जायचं तर कल्याणला उतरून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल. कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटचं खोपोली. या लोकल मोजक्याच आहेत, त्यामुळे वेळा आधी लिहून घ्या. खोपोलीहून पुढे पालीच्या रस्त्याला रिक्षा किंवा गाडी करावी लागते, ती परतीचं ठरवूनच करा.

पण पहाटे उतरून त्याच दिवशी आत जाऊ नका. आमची पोरं दुपारी दोनलाच पेंगायला लागली होती. एक रात्र खोपोली-कर्जत भागात मुक्काम करा आणि सकाळी ताज्या अंगाने जा. खर्च वाढतो, हे मान्य. तो एखादं जेवण साधं करून भरून काढा, झोपेतून काढू नका. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा, कारण शनिवार-रविवार मुंबई-पुण्याचे असतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र मधल्या वारीही शाळांच्या सहली येतात. आणि निघण्याआधी त्या दिवशी उद्यान उघडं आहे ना, हे विचारून घ्या.

हवेबद्दल आपल्या लोकांची एक गफलत होते. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ ला टेकतो, म्हणून आपण म्हणतो, तिकडचं ऊन ते काय! पण घाटाच्या पायथ्याची, कोकणातली हवा दमट. आकडा कमी असला तरी घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि कोरड्या उन्हाला सरावलेला माणूस तिथे लवकर गळतो. पाणी पीत राहा. पावसाळ्यात त्या पट्ट्यात धो धो कोसळतो आणि जोराच्या पावसात, विजांत उघड्यावरच्या राइड थांबवतात. आपल्यासाठी दिवाळीनंतरची सुट्टी सगळ्यात बरी. कापसाचा पहिला पैसाही हातात असतो.

खाण्याचं थोडक्यात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स, कळण्याची भाकरी, हे सगळं गाडीसाठी भरपूर घ्या. उद्यानाच्या आत बाहेरचं खाणं बहुधा नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं यांची चौकशी फोनवरच करा. जत्रेसारखं प्रत्येक पोराच्या हातात सकाळीच त्याचे पैसे द्या. त्याने आइस्क्रीम घ्यावं की टोपी, हे त्याचं त्याने ठरवावं. दिवसभराची कुरकुर निम्मी होते. पाण्याचं उद्यान वेगळं असेल तर दोन्ही एका दिवसात करू नका. तिथे नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, साडीवर किंवा सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत, हे घरातल्या बायकांना आधी सांगा, म्हणजे ऐनवेळी अवघडायला होत नाही. पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा आणि आत शिरताच त्यांचा एक फोटो काढून ठेवा, अंगावर काय कपडे आहेत ते दिसेल असा.

आत गेल्यावर सगळे जण दारापाशी पहिली दिसेल त्या रांगेत घुसतात. तुम्ही सरळ टोकाला जा आणि तिथून उलटे या. आणि प्रत्येकाला आधी विचारा: तुझी एकच राइड कोणती? आठ माणसांच्या आठ राइड. त्या दुपारपर्यंत होतात. मग जे मिळेल ते वरचं.

आमच्या घरात हे कुणी शिकवलं ते सांगते. दुपारी दीर नकाशा घेऊन हिशोब करत होते, अजून किती राहिल्या. आमच्या सासूबाई, घरात आम्ही त्यांना जिजी म्हणतो, एका झाडाखाली थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘पोरं दमी गयात. सावलीमा बठा.’’ आम्ही बसलो. पाऊण तास नुसते बसलो. मोठी मुलगी जिजींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उठल्यावर तिनेच जिजींना घोड्यांच्या गोल पाळण्याकडे ओढलं. ‘‘मी काय आते ह्या वयमा पायनामा बसू?’’ म्हणत जिजींनी पदर कमरेला खोचला आणि पांढऱ्या घोड्यावर बसल्या. पहिल्या फेरीला दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. तिसऱ्या फेरीला एक हात सुटला. त्यांचा चेहरा मी आखाजीच्या झोक्यावर पाहिला होता, तो तोच होता. नकाशावरच्या चार राइड राहून गेल्या, त्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत.

ज्येष्ठांसाठी म्हणून एक दिवस वेगळा धरलात तर फार बरं होईल. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे, पुढे पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन गणपती एका फेरीत होतात. मुलांना आदल्या दिवशी उंच नेलं, तर दुसऱ्या दिवशी आजीला दर्शनाला न्यावं. तिनेही त्या दिवशी पायऱ्यांवर वाट बघण्यात वेळ घालवलेला असतो.

मुलांना जाण्याआधी एक गोष्ट जरूर सांगा. इमॅजिकात राजासॉरस या डायनासोरच्या नावाची एक पाण्यातली राइड आहे. हा प्राणी कुणी मनाने रचलेला नाही. त्याची हाडं गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या रहिओली गावाजवळ सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून जी नर्मदा वाहते, तिचंच नाव. अक्राणीच्या डोंगरातून जी पोरं तिकडे जातील, त्यांना आपल्या नदीच्या नावाचा डायनासोर भेटेल.

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर ११७ ची खूण अजून आहे. तिच्यावर दर महिन्याच्या एक तारखेला पुतण्या स्वतः वही धरायला लावतो आणि टाचा टेकलेल्या आहेत का, ते मला वाकून बघायला सांगतो. या महिन्यात पेन्सिल १२१ वर लागली. दिवाळीनंतरचं आरक्षण ज्या दिवशी उघडेल, तो दिवस त्याने कॅलेंडरवर गोल करून ठेवला आहे.

नमस्कार.