ओबीच्या डोंगरावरचा कांस

नमस्कार, श्रोतेहो.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे, म्हणजे ताडोबाच्या फाटकाकडे निघालं की वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडतात आणि रस्त्यालगत सपाट माथ्याचे डोंगर दिसू लागतात. बाहेरचे पाहुणे हौसेनं विचारतात, "या डोंगराचं नाव काय हो?" नाव कसलं असणार! दुर्गापूर-पद्मापूरकडच्या खुल्या खाणींत कोळशापर्यंत पोचायला जो दगड-मुरूम उपसला, त्याचे हे ढीग. खाणीवरचे लोक त्याला नुसतं 'ओबी' म्हणतात. ओव्हरबर्डन.

मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर. एकदा मृगाच्या तोंडाशी अशाच एका जुन्या ढिगावर चढलो आणि मूठभर माती उचलली. माती कुठली? शेलचे, म्हणजे थराथरानं सुटणाऱ्या चिखली खडकाचे पापुद्रे, वाळूच्या दगडाचा चुरा, मधूनच कोळशाची काळी कणी. मूठ आवळली तरी ढेकूळ धरेना. पहिल्या सरीनंतर आपल्या वावरातून जो वास येतो, त्याचा मागमूस नव्हता.

साधं आहे. खाणीत जमीन उलटीपालटी होते. हजारो वर्षांत वर जमलेला सुपीक थर गाडला जातो आणि खोलवरचा दगड वर येतो. त्यात नत्र जवळजवळ नाही, कुजलेला पालापाचोळा नाही, जिवाणू नाहीत. शिवाय डंपरच्या चाकांखाली दबून पृष्ठभाग टणक झालेला. पाऊस मुरत नाही, उतारावर घळी पाडत पळतो. वरची माती वेगळी काढून ठेवायचा नियम आहे खरा, पण वर्षानुवर्षं ढीग करून ठेवली तर आतले जिवाणू मरतात आणि तीही निर्जीव होते.

नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं यावर मन लावून काम केलं. डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी ओबीत सेंद्रिय गाळ मिसळला, मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची आणि अन्न-पाणी शोषायला मदत करणाऱ्या मायकोरायझा बुरशीची जोड दिली आणि मग रोपं लावली. मला यातला क्रम आवडतो. आधी माती जिवंत करायची, झाडाचं नंतर बघू.

प्रत्यक्षात बरेचदा उलटं होतं. पावसाळ्यात खड्डे खणायचे, भराभर वाढणारं सुबाभूळ लावायचं, फोटो काढायचे. दोन-तीन वर्षांत हिरवं दिसतं, नाही असं नाही. पण सुबाभळीच्या दाटीत मोह, धावडा, तेंदू यांच्या रोपांना जागा कुठली? चितळाला चरायला गवत लागतं, तेही त्या सावलीत उगवत नाही.

गवताचं महत्त्व शेवटी सर्वोच्च न्यायालयानं ओळखलं. 8 जानेवारी 2020 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठानं सांगितलं, की खाणपट्टा देताना अशी अट घालावी की खाणकाम संपल्यावर तिथं पुन्हा गवत उगवलं पाहिजे, गुराढोरांना आणि वन्यप्राण्यांना चारा मिळाला पाहिजे. बोबडे नागपूरचे, कोळशाचा पट्टा त्यांच्या घरापासून दूर नाही. पैशाची सोय त्याआधीच झाली होती. कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या नियमांनुसार तेव्हा खुल्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये या दरानं खाण बंद करण्याचा खर्च धरायचा होता आणि तो आधीपासून एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात साठवत जायचा होता.

आता थोडं अवघड बोलतो. ताडोबा इतकं जवळ असल्यावर वन्यजीव आपल्या नियोजनाची वाट पाहत बसत नाहीत. ओबीवर विलायती बाभळीची जाळी माजली, जाळीत रानडुकरं शिरली, डुकरांमागे वाघ आला. वाघाला ही लपायला झकास जागा आणि खाली लागूनच कामगारांच्या वसाहती. फेब्रुवारी 2022 मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर भागात दोन दिवसांत वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात दोघांचा बळी गेला. एक कामावरून परतणारा, दुसरा सोळा वर्षांचा पोरगा. म्हणून मला वाटतं, वस्तीला लागून असलेल्या ढिगांवर दाट झाडी लावूच नये. तिथं आखूड गवत ठेवावं, नजर लांबवर पोचावी. दाट जंगल करायचंच तर ताडोबाच्या अंगाला करावं, म्हणजे जनावरांना तिकडचा रस्ता धरता येईल.

पाऊस सरताना त्या रस्त्यानं गेलात तर ओबीच्या उतारावर पांढरे तुरे डुलताना दिसतील. तो कांस, एक रानगवत. उघड्या दगडावर सर्वांत आधी हाच येतो, कुणी लावावा लागत नाही. काच खाली करून जरूर बघा.

गाडीतून मात्र उतरू नका.