मीटर म्हणतो 11

(दृश्य : फळीवर मीटरच्या दोन सुया टेकतात. आकडा उमटतो : 11)

अकरा टक्के ओल. फर्निचरला चालण्यासारखा आकडा. तरी सुतार करवत उचलतो, टोकापासून हातभर आत फळी आडवी कापतो आणि ताज्या कापावर, जाडीच्या अगदी मधोमध, सुया पुन्हा रोवतो.

सतरा.

फळी तीच. बाहेरून वाळलेली, पोटात अजून ओली.

(दृश्य : ताज्या ओंडक्याचा काप, अगदी जवळून)

लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. झाड तोडल्यावर आधी मोकळं पाणी जातं. फळी हलकी होते, माप मात्र तेवढंच राहतं. ओल साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या खाली आली की भिंती सुकू लागतात आणि लाकूड आक्रसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. वाढीच्या वलयांना धरून मात्र वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. ही ओढाताण एकसारखी नसते, म्हणून फळीची पन्हळ होते.

(दृश्य : तराजूवर लाकडाचा छोटा तुकडा)

टक्के नेमके कशाचे, हे भल्याभल्यांना चकवतं. हा तुकडा 62 ग्रॅम. ओव्हनमध्ये 103 अंश सेल्सिअसला ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. उरले 50. म्हणजे 12 ग्रॅम पाणी गेलं. भागायचं ते कोरड्या वजनाने : 12 भागिले 50, म्हणजे 24 टक्के. याच हिशेबाने ताजं तोडलेलं लाकूड शंभर टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. आकडा चुकलेला नसतो, त्यात कोरड्या लाकडापेक्षा पाण्याचं वजन जास्त असतं इतकंच.

ही रीत सगळ्यांत खात्रीची. पण यात तुकडा हातचा जातो आणि जवळपास एक दिवस थांबावं लागतं. म्हणून मीटर.

(दृश्य : दोन मीटर शेजारी शेजारी)

सुयांचा मीटर विजेला होणारा विरोध मोजतो. ओलं लाकूड वीज सहज वाहू देतं. पूर्ण कोरडं लाकूड त्याच्या अब्जावधी पटींनी अडवतं. मात्र 30 टक्क्यांच्या वरचं आणि साधारण 6च्या खालचं वाचन फारसं मनावर घेऊ नये. लाकूड तापलेलं असेल तर मीटर जास्त ओल दाखवतो. जातही बदलली की आकडा सरकतो, तेव्हा मीटरसोबतचा तक्ता पाहायचा. तो तक्ता बहुतेकांच्या खोक्यातच राहतो, ही गोष्ट वेगळी.

बिनसुयांचा मीटर फळीवर नुसता टेकवायचा. भोकं पडत नाहीत, भराभर तपासणी होते. पण त्याला लाकडाची घनता सांगावी लागते. शिवाय पातळ फळी लोखंडी टेबलावर ठेवून मोजली, तर खालचं लोखंडही त्याच्या हिशेबात येतं.

(दृश्य : कपाटाचा दरवाजा, अडकलेला)

बरं, किती ओल बरोबर? ते खोली ठरवते. 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेत लाकूड 9 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. आर्द्रता 80 झाली की 16कडे सरकतं. 30 सेंटिमीटर रुंद फळी 12वरून 8वर आली, तर तीन-एक मिलिमीटर आक्रसू शकते. उलट चढली, तर हा असा दरवाजा.

आणि आमच्या सतरा टक्क्यांच्या फळीचं काय? आज रंधा मारला, तर कोरडी कातडी निघून जाईल आणि ओलं पोट उघड्यावर येईल. ती इथेच, टेबलावरच वाकेल.

(दृश्य : फळ्यांची चळत, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या)

सुतार नव्या कापाला मेण लावतो, कारण टोकाकडून पाणी फार झपाट्याने निघतं आणि तिथेच भेगा पडतात. फळी चळतीत परत जाते, खालीवर वारा खेळेल अशी. कडेला पेन्सिलने तारीख, आणि तिच्याखाली दोन आकडे : बाहेर 11, आत 17.