गाठीला सुई लावली म्हणून कॅन्सर पसरत नाही

(दृश्य: पॅथॉलॉजी लॅब, ग्रॉसिंगचं म्हणजे काढलेला तुकडा कापून तपासायचं टेबल, कॅमेरा वरून)

हा जो तुकडा दिसतोय तो गालाच्या आतला आहे. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधे जी खाच असते ना, जिथे लोक तंबाखूचा बार धरून ठेवतात, बरोब्बर तिथला. ऑपरेशनमधे काढला, रात्रभर फॉर्मलिनमधे, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावणात ठेवला आणि आता डॉक्टर मॅडम त्याच्या कडांना शाई लावतायत. शाई कशाला, तर मायक्रोस्कोपखाली जिथे शाई दिसेल ती सर्जनने कापलेली कड, मग कॅन्सर त्या कडेपासून किती लांब राहिला ते मोजता येतं. ५ मिलिमीटर मोकळी जागा निघाली तर बरं.

आता ती भीती, जी आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येते. गाठीला सुई लावू नका, तुकडा काढू देऊ नका, डिवचली की पसरते. या एका वाक्यापायी माणसं महिनोन्‌महिने लेप लावत, गुळण्या करत बसतात आणि तोंड नीट उघडेनासं झाल्यावर हॉस्पिटलची पायरी चढतात. म्हणून म्हटलं, पसरतो कसा ते एकदा डोळ्यांनीच बघूया.

(दृश्य: मायक्रोटोम, मेणाची पट्टी पाण्यावर)

तुकड्याचे छोटे काप मेणात बसवलेत. हे चाक फिरलं की पात्याखालून ३-४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची पट्टी निघते, इतकी पातळ की फुंकर मारली तर गोळा होईल, ती कोमट पाण्यावर सोडायची आणि सुरकुती न पडू देता काचेवर उचलून घ्यायची. इथे हात बसायला बराच काळ जातो, आणि हे करणाऱ्या टेक्निशियनचं नाव पेशंटला कधीच कळत नाही. मग दोन रंग. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकी सगळं गुलाबी.

(दृश्य: मायक्रोस्कोपखाली स्लाइड)

डावीकडे गालाचं चांगलं अस्तर आहे, पेशी थरावर थर, शिस्तीत, आणि खाली एक पातळ पडदा, बेसमेंट मेम्ब्रेन. चरबीची साधी गाठ कितीही वाढली तरी आपल्या जागेत वाढते, शेजारच्याला ढकलते पण त्याच्यात घुसत नाही. उजवीकडे बघा. इथल्या पेशींनी एकमेकींना धरून राहणं सोडलंय, पडदा विरघळवणारी एन्झाइम्स सोडलीत आणि त्या खाली स्नायूंपर्यंत उतरल्यात. हे गुलाबी गोल भोवरे दिसतायत ते त्यांनीच बनवलेलं केराटिन, नखांत-केसांत असतं ते प्रथिन. या पेशी खाली उतरल्या तेव्हा कुठलीही सुई लागलेली नव्हती.

खाली उतरल्या की तिथे बारीक लसिकावाहिन्या असतात, शरीरातला पाण्यासारखा द्रव ग्रंथींकडे नेणाऱ्या नळ्या, म्हणजे मानेकडे जाणारा रस्ता. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते आपल्याला माहितीये, त्याच प्रकारच्या ग्रंथी मानेतही आहेत. मानेतून काढलेली ही पिवळी चरबी मॅडम चिमटीत धरून बोटांनी चाचपतायत, आणि प्रत्येक ग्रंथी वेगळी काढतायत, कुठली हरभऱ्याएवढी, कुठली त्याहून बारीक. आता त्यातल्याच एकीची स्लाइड. सगळीकडे जांभळा रंग आणि मधेच हे गुलाबी बेट, केराटिनसकट. गालातली पेशी मानेत येऊन राहिलीय, आणि वरून हात लावून ही ग्रंथी कुणालाच लागली नसती.

पुढे रक्तातून फुप्फुसापर्यंतही जाते, मात्र वाटेत बहुतेक पेशी मरतात. इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मधे स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून सांगितलं होतं की बी कुठेही उडालं तरी रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच, म्हणजे कॅन्सरची पेशी वाढते ती तिला मानवणाऱ्या अवयवातच.

(दृश्य: परळ, टाटा मेमोरियलचा बाहेरचा भाग)

तर मानेतल्या या लपलेल्या ग्रंथींचं करायचं काय? ज्यांच्या मानेला गाठ लागत नाही त्यांच्या ग्रंथी लगेच काढाव्यात की दिसल्यावर, हा वाद जगभर चालू होता. तो सोडवला परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने, तोंडाच्या लवकरच्या कॅन्सरच्या ५०० पेशंटचे निकाल २०१५ मधे छापून. तोंडाच्या ऑपरेशनसोबतच ग्रंथी काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट बघितली त्यांच्यातले ६७.५ टक्के. म्हणजे धोका ग्रंथींना हात लावण्यात नव्हता, वाट बघण्यात होता, आणि हे मुंबईत सिद्ध झालंय ही गोष्ट शाळाशाळांत सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हाडाच्या वगैरे काही मोजक्या गाठींमधे सुई कुठून घालायची ते सर्जन आधी ठरवून घेतात, म्हणजे तेवढा मार्गही ऑपरेशनमधे काढता येतो. तोंडाचं तसं नाही, समोर दिसणाऱ्या जखमेचा तुकडा घ्यायचा आणि तो तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, एवढ्यावर दाखवायला जा.

(दृश्य: रिपोर्ट टाइप होताना)

रिपोर्टमधे आता तीन गोष्टी जातील: कॅन्सर किती मिलिमीटर खोल उतरला, किती ग्रंथींत सापडला आणि ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आला का. बाहेर आला असेल तर साधारणपणे रेडिएशनसोबत केमोही द्यायची ठरते, आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत हे उपचार सुरू व्हावेत म्हणून हा रिपोर्ट आजच वर वॉर्डात पाठवतायत.